हीटर प्लगवर खापर फोडण्याआधी



डिझेल गाडी सकाळी स्टार्ट झाली नाही की आपल्याकडे आरोपी आधीच ठरलेला असतो. तो म्हणजे हीटर प्लग. पुस्तकात त्याला ग्लो प्लग म्हणतात, पण गॅरेजमध्ये आणि आमच्या एमटी पार्कमध्ये तो हीटर प्लगच. शेजारी सांगतो हीटर गेलाय, मेव्हणा सांगतो हीटर गेलाय, आणि मिस्त्री तर बॉनेट उघडायच्या आधीच सांगतो. मग चारही प्लग बदलले जातात, काही हजारांचं बिल होतं आणि आठवड्याभरात गाडी पुन्हा जिथल्या तिथे.

या बाबतीत माझं मत पक्कं आहे. विनाकारण बदलल्या जाणाऱ्या पार्टमध्ये हीटर प्लगचा नंबर फार वरचा लागतो, आणि त्यात दोष एकट्या मिस्त्रीचा नाही. आपण पार्टचे पैसे बिनतक्रार देतो, पण 'तपासून काय झालंय ते सांग' याचे पैसे द्यायला आपल्या जिवावर येतं. जिथे पार्ट कोपऱ्यावर मिळतो तिथे अंदाजाने बदलणं परवडतं. जिथे तो खिंड ओलांडून, हवामान चांगलं असेल तरच येतो, तिथे माणूस झक मारत निदान करायला शिकतो. फौजेतल्या ड्रायव्हर आणि फिटर मंडळींना ही सवय लागते ती हुशारीमुळे नाही, नाइलाजामुळे. पण सवय चांगली आहे आणि ती गावाकडे न्यायला हरकत नाही.

डिझेल पेटतं कसं

पेट्रोल इंजिनात ठिणगी पडते, डिझेलमध्ये ठिणगीच नसते. सिलिंडरमधली हवा पिस्टन साधारण १६ ते २२ पट दाबतो. दाबलेली हवा तापते, ५०० अंशांच्या वर जाते, आणि त्या तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेलचा फवारा आला की तो आपोआप पेटतो. सायकलला जोरजोरात हवा भरली की पंपाचं खालचं टोक चटका देतं, तोच हा प्रकार.

म्हणजे गाडी स्टार्ट व्हायला तीन गोष्टी लागतात. सेल्फने इंजिन पुरेशा वेगाने फिरलं पाहिजे, कॉम्प्रेशन शाबूत पाहिजे, आणि डिझेल योग्य वेळी योग्य दाबाने आत आलं पाहिजे. इंजिन थंड असलं की सिलिंडरच्या भिंती हवेची उष्णता खाऊन टाकतात. त्या वेळी मदतीला म्हणून पेन्सिलीएवढा एक हीटर सिलिंडरमध्ये टोक खुपसून बसवलेला असतो. काही सेकंदांत त्याचं टोक ८०० अंशांच्या पुढे जातं. तो मदतनीस आहे, मुख्य कामगार नाही. मुख्य काम दाबलेली हवाच करते.

ही मदत किती लागते ते इंजिनाच्या जातीवर ठरतं. १९९८ साली आलेल्या पहिल्या इंडिकासारख्या जुन्या गाड्यांत डिझेल आधी एका छोट्या कप्प्यात पेटतं. त्या कप्प्याच्या भिंती खूप उष्णता पितात, म्हणून अशा गाडीला साध्या थंडीतही हीटर लागतो. नंतरच्या कॉमन रेल गाड्यांत फवारा थेट सिलिंडरमध्ये जातो. पुण्या-मुंबईच्या वीस-पंचवीस अंशांत असलं निरोगी इंजिन हीटर बंद असला तरी बहुतेक वेळा स्टार्ट होतं. फार तर अर्धा मिनिट खडखडेल, थोडा पांढरा धूर टाकेल. म्हणून मे महिन्यात चिपळूणला कॉमन रेल गाडी अजिबात स्टार्ट होत नसेल आणि कोणी हीटर प्लगचं नाव घेत असेल, तर त्याला आधी चहा पाजा आणि मग विचारा की कशावरून?

उंचीवरची परीक्षा

लडाखमध्ये या सगळ्याची परीक्षा एकदम होते. लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास असतो. खारदुंग ला ५,३५९ मीटरवर, तिथे तो जवळजवळ निम्म्यावर येतो. हवाच विरळ, तर दाबून तापणार किती? द्रासला हिवाळ्यात पारा उणे २० च्या खाली उतरतो. इंजिन ऑइल काकवीसारखं घट्ट होतं, त्यामुळे सेल्फवर ओझं वाढतं. त्याच वेळी बॅटरी अशक्त झालेली असते. उणे १८ च्या सुमारास ती आपल्या ताकदीच्या निम्मीच उरते. पूर्ण उतरलेली बॅटरी तर उणे दहाच्या आसपास गोठून फुटूही शकते. चार्ज असलेली गोठत नाही.

आणि डिझेलचं काय? डिझेलमध्ये मेण असतं. थंडीत ते मेण आधी धुक्यासारखं दिसतं, मग त्याचे कण फिल्टरच्या कागदावर बसून फिल्टर तुंबवतात. साध्या डिझेलच्या भारतीय मानकात फिल्टर तुंबण्याच्या तापमानाची कमाल मर्यादा हिवाळ्यात ६ अंश आणि उन्हाळ्यात १८ अंश आहे. प्रत्यक्ष माल त्याहून बरा असू शकतो, पण हमी तेवढीच. म्हणूनच नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं, तेव्हा तिथल्या ड्रायव्हर लोकांना काय वाटलं असेल ते सपाटीवरच्या माणसाला समजायचं नाही.

त्याच्या आधीच्या एका हिवाळ्यातली गोष्ट. पुढच्या एका ठाण्यावर पहाटे चारला एका जवानाला हापो झाल्याचं निघालं. फुप्फुसात पाणी भरण्याचा हा उंचीवरचा आजार. त्यावर पहिला इलाज म्हणजे माणसाला खाली उतरवणं. रुग्णवाहिका होती, ड्रायव्हर होता, पण गाडी स्टार्ट होईना. पोरगा नवा होता. त्याने तीन-चारदा सेल्फ मारला आणि म्हणाला, "उस्ताद, हीटर गए." एमटी हवालदार काही बोलला नाही. त्याने पोराला पुन्हा सेल्फ मारायला सांगितला आणि स्वतः टॉर्च घेऊन सायलेन्सरच्या मागे जाऊन बसला. सेल्फ बरा फिरत होता, पण धूर अजिबात नव्हता. तो उठून म्हणाला, "डिझेल पहुँच ही नहीं रहा, हीटर क्या करेगा?" लंगरातून गरम पाणी आणलं, पोत्याचे तुकडे भिजवून फिल्टरला आणि त्याच्याकडे जाणाऱ्या पाइपला गुंडाळले, पाणी बदलत राहिले, हँड पंप घट्ट होईपर्यंत मारला. अर्ध्या-पाऊण तासात गाडी सुरू झाली आणि जवान वेळेत खाली पोचला. त्या अंधारात, त्या थंडीत, सुन्न बोटांनी हीटर प्लग खोलायला घेतले असते तर दोन तास सहज गेले असते, आणि हाती आले असते चार चांगले प्लग.

त्या हवालदाराकडे कसलंही यंत्र नव्हतं. त्याच्याकडे क्रम होता. तोच क्रम खाली देतो. गावातल्या गाडीलाही हाच लागू पडतो.

पहिलं: सेल्फ कसा फिरतोय ते ऐका

सेल्फ आळसावल्यासारखा फिरत असेल, किंवा नुसतं टकटक होत असेल, तर डोकं बॅटरीत घाला. साधा मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं तर ती भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि त्याच वेळी मीटर बघा. साध्या हवेत आकडा साडेनऊच्या खाली कोसळत असेल, तर बॅटरी आतून गेली आहे.

बॅटरी चांगली असूनही सेल्फ मंद असेल तर अर्थिंग बघा. मीटरची एक तार बॅटरीच्या उणे खांबाला, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगची केबल किंवा तिचं टोक गंजलेलं आहे. सँडपेपर आणि पाना, एवढ्यात काम होतं. ही तपासणी करताना गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला असू द्या.

कॉमन रेल गाडीत मंद सेल्फचा आणखी एक घोटाळा होतो. ठरावीक वेग आणि रेलमध्ये ठरावीक दाब आल्याशिवाय कॉम्प्युटर नोझल उघडतच नाही. म्हणजे बॅटरी अशक्त, पण लक्षण दिसतं डिझेल न येण्याचं.

दुसरं: धूर बघा

सेल्फ चांगला फिरतोय आणि मागून धूर नाही, तर डिझेल आत जात नाही. टाकीत डिझेल आहे ना, फिल्टर तुंबलाय का, फिल्टरमध्ये पाणी साठलंय का, कुठल्या पाइपमधून हवा शिरतेय का, या क्रमाने जा. ज्या गाडीला हँड पंप आहे ती रोज सकाळी पंप मारल्यावरच स्टार्ट होत असेल, तर रात्रीतून डिझेल मागे उतरतंय. चिरलेला पाइप किंवा सैल क्लिप शोधा. हे सगळं ठीक असेल तर क्रँक सेन्सरचा संशय घ्यायचा. तो गेला की कॉम्प्युटरला इंजिन फिरतंय हेच कळत नाही.

पांढरा, डोळ्यांत चरचरणारा धूर येतोय पण इंजिन पकडत नाही, तर डिझेल येतंय पण पेटत नाही. उष्णता कमी पडतेय. इथे खरा हीटर प्लगचा नंबर लागतो. त्याच्या जोडीला कॉम्प्रेशनचाही. काळा धूर असेल तर हवेची बाजू बघा. एअर फिल्टरमध्ये उंदराने घर केलेलं मी एकापेक्षा जास्त गाड्यांत पाहिलंय.

तिसरं: त्रास कधी होतो ते विचारा

सकाळी थंड गाडी त्रास देते, एकदा सुरू झाली की मिनिटभर खडखडते, पांढरा धूर टाकते, मग दिवसभर एका सेल्फमध्ये स्टार्ट होते. हे हीटर प्लगचं नेमकं लक्षण. उलट गाडी गरम असताना पेट्रोल पंपावर बंद केली आणि पुन्हा स्टार्ट होईना, तर हीटरचा संबंध नाही. कॉमन रेलमध्ये बहुधा नोझल आतून गळत असतात. डिझेल परतीच्या पाइपने टाकीत जातं आणि रेलमध्ये दाब बनत नाही. गरम डिझेल पातळ असतं, म्हणून गळती गरम असताना जास्त.

चौथं: आता प्लग तपासा

आधी एक गैरसमज. डॅशबोर्डवरचा पिवळा स्प्रिंगसारखा दिवा लागला आणि विझला म्हणजे हीटर चांगले, असं नाही. बऱ्याच जुन्या गाड्यांत तो फक्त वेळ मोजतो. प्लग चारही मेलेले असले तरी दिवा आपला नेमाने लागतो आणि विझतो.

प्लग न खोलता तपासता येतो. वायर किंवा पट्टी काढा, मीटर ओहमवर लावा, एक टोक प्लगच्या डोक्याला आणि दुसरं इंजिनला. अर्धा ते दोन ओहमच्या आसपास दिसलं तर प्लग शाबूत. मीटरने काहीच दाखवलं नाही तर आतली तार तुटली. मीटर नसेल तर टेस्ट लॅम्प बॅटरीच्या अधिक खांबाला लावून त्याचं टोक प्लगच्या डोक्याला टेकवा. लागला तर तार जोडलेली आहे. चारही प्लग एकदम मेलेले दिसत असतील तर प्लगवर नाही, रिलेवर किंवा फ्यूजवर संशय घ्या, कारण चार प्लग एकाच रात्री मरत नाहीत. इग्निशन चालू केल्यावर वायरीत करंट येतोय का ते बघितलं की पाच मिनिटांत उलगडा होतो.

प्लग काढून थेट बॅटरीला लावून 'लाल होतो का' बघण्याची पद्धत फार आवडती आहे. ती सोडा. नव्या गाड्यांतले बरेच प्लग बारा व्होल्टचे नसतात, त्याहून कमी व्होल्टवर चालतात. ते क्षणात जळतात, टोक उडूही शकतं. आणि खोलायचेच असतील तर इंजिन कोमट असताना, आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल टाकून, हळूहळू खोला. जोर लावून प्लग हेडमध्ये मोडला की काही शे रुपयांचं काम हेड उतरवण्यापर्यंत जातं. विनाकारण प्लग बदलू नका म्हणतो त्याचं हेही एक कारण.

सुट्टीवर आलेल्या जवानाची गाडी

आपल्या वाचकांत सगळ्यात जास्त भेटणारी केस ही. गाडी सातारा किंवा कोल्हापूरकडच्या गावात, मालक सहा महिने सीमेवर. सुट्टीवर येतो, चावी फिरवतो, गाडी मुकी. वीस दिवसांच्या सुट्टीतले चार दिवस गॅरेजात जातात आणि घरच्यांचं देवाला जायचं राहून जातं.

साधा हिशोब करा. गाडी बंद असली तरी लॉक, अलार्म, घड्याळ मिळून ४० मिलिअँपिअरच्या आसपास करंट घेतात. दिवसाला जवळजवळ एक अँपिअर-तास. ६० ची बॅटरी दोन महिन्यांत रिकामी. त्यानंतरचे चार महिने ती रिकामीच पडून खराब होते. यात हीटर प्लगचा काय दोष? निघताना उणे टर्मिनल काढून ठेवा, टाकी भरून ठेवा म्हणजे पावसाळ्यात आत ओलावा धरायला जागा राहत नाही, आणि आल्यावर फिल्टरचं पाणी काढून मगच सेल्फ मारा. घरात गाडी चालवणारं कोणी असेल तर टर्मिनल जोडून आठवड्याला अर्धा तास रस्त्यावर फिरवायला सांगा. अंगणात पाच मिनिटं चालू ठेवून उपयोग नाही. तेवढ्याने सेल्फने खाल्लेलंही भरून येत नाही.

जुगाड आणि त्याची किंमत

जुनी मंडळी म्हणतील, आम्ही रॉकेल मिसळायचो, ऑइल चेंबरखाली निखारे ठेवायचो, धक्का मारायचो, चालत होतं. तेव्हाच्या इंजिनांना चालत होतं. आजच्या कॉमन रेल पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं. रॉकेल कोरडं, ते पंप खातं. हवेच्या पाइपात स्टार्टिंग स्प्रे मारायचा आणि वर हीटर चालू ठेवायचा म्हणजे स्फोटाला आमंत्रण. धक्क्याने टायमिंग बेल्ट दात सोडू शकतो. जुन्या गाडीत पाइपची नटं सैल करून हवा काढायची सवय असेल तर कॉमन रेलच्या पाइपला हात लावू नका. तिथला दाब हजार बारच्या पुढे जातो आणि डिझेलची धार कातडीत घुसते. आणि थंडीत गाडी रात्रभर चालू ठेवून बंद केबिनमध्ये झोपणं हा जुगाड नाही, कार्बन मोनॉक्साइडने मरण्याचा रस्ता आहे.

स्कॅनर आहे, मग डोकं कशाला?

यावर नव्या पिढीचे मिस्त्री म्हणतात, आता स्कॅनर लावला की सगळं कळतं. स्कॅनर कामाचा आहेच, माझा विरोध नाही. पण तो काय सांगतो ते नीट वाचा. पी-०६७१ असा कोड आला तर त्याचा अर्थ 'एक नंबर सिलिंडरच्या हीटरच्या सर्किटमध्ये गडबड' एवढाच. सर्किटमध्ये प्लगही येतो, वायरही येते, कनेक्टरही येतो. वायर उंदराने कुरतडली असेल तर नवा प्लग घालूनही तोच कोड येणार. स्कॅनर गल्ली दाखवतो, घर आपल्यालाच शोधावं लागतं.

मिस्त्रीची बाजूही ऐकली पाहिजे. त्याने एक तास घालवून अर्थिंगचं टोक घासून दिलं तर आपण म्हणतो, एवढ्याचे कसले पाचशे? तोच चार प्लग बदलून देतो तेव्हा मुकाट्याने हजारो मोजतो. मग तो शहाणपणा कशाला करेल? निवृत्त होऊन गावात गॅरेज टाकलेले आपले बरेच बांधव आहेत. त्यांना माझी विनंती आहे की दारावर तपासणीचा दर वेगळा लिहा आणि तो मागायला लाजू नका. गिऱ्हाइकांनाही सांगणं आहे की तो आनंदाने द्या, आणि बदलायच्या आधी मीटरवरचा आकडा दाखवा म्हणून हट्ट धरा. आकडा दाखवला आणि प्लग मेलेलाच निघाला, तर बेशक बदला. लाखभर किलोमीटर झालेल्या गाडीत एक गेला असेल तर बाकीचे तिघेही त्याच वयाचे आहेत, चारही बदलणं तेव्हा शहाणपणाचं.

फौजेत आम्हाला मेंटेनन्स परेडचा कंटाळा यायचा, हे खरं. पण गाडी स्टार्ट होणं ही गाडीची मर्जी नसून आपलं काम आहे, हे त्या परेडने शिकवलं. गावातल्या गाडीतही कधी बाळंतीण असते, कधी छातीत दुखणारे वडील असतात. तेव्हा अंदाज करत बसायला वेळ नसतो. आज रविवार आहे, मीटर काढा, बॅटरीचा आकडा बघा, अर्थिंग घासून घ्या. शंका असेल तर खाली लिहा. कुठली गाडी, सेल्फ कसा फिरतो, धूर कुठला आणि त्रास थंडीत की गरम असताना, एवढं सांगायला विसरू नका.

जय हिंद.